दाखवण्याजोगे घर

ड्युलूथ, ९ सप्टेंबर २०१८

चि. लिनेट,

या पत्रात मला दोन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत. पहिली, लेकसाइडचे घर विकणे अपरिहार्य आहे. दुसरी, ते विकल्याने तुझ्या वडिलांचे काहीही हिरावले जात नाही. दोन्ही पटल्या तर सोबतच्या कागदावर तुझी सही हवी आहे, कारण घर तिघांच्या नावावर आहे; तुझ्या वडिलांच्या वतीने सही करण्याचा अधिकार माझ्याकडे आहे, पण तुझ्या सहीवाचून ते विकता येत नाही. पटल्या नाहीत तर कारणे लिहून कळव. ‘मला बरं वाटत नाही’ हे कारण नव्हे.

आशीर्वाद लिहिलेला नाही. आई म्हणून माझा तो अधिकार तुला मान्य आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. फोन करत नाही, कारण ईस्टरनंतर जेव्हा जेव्हा फोन केला तेव्हा तू तो मध्येच ठेवलास. कागदही मध्येच ठेवता येतो, पण तो पुन्हा उचलता येतो.

पहिला मुद्दा. तुझे वडील मार्चपासून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी असलेल्या निवासात आहेत. तिथला खर्च माझ्या निवृत्तिवेतनात भागत नाही. मी त्या निवासाच्या जवळच दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. घर रिकामे आहे, आणि रिकाम्या घरालाही इथल्या हिवाळ्यात ऊब द्यावी लागते, नाहीतर भिंतींतले नळ फुटतात. हे तुला सांगायला नको; तू ॲरिझोनाला गेलीस ती याच हिवाळ्याला कंटाळून, असे तू म्हणाली होतीस.

त्यांना घरीच ठेवायला हवे होते, हा तुझा आक्षेप मी ऐकला आहे. ईस्टरला आली होतीस तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून तू म्हणालीस, “कोर्टात लोकांचे निकाल लावायचीस, आता नवऱ्याचा लावलास.” वाक्य चांगले होते. युक्तिवाद म्हणून त्याचा उपयोग नव्हता. फेब्रुवारीत माझे मनगट मोडले ते बर्फावरून घसरून, असे मी तुला सांगितले होते. ते तसेच राहू दे. त्या महिन्यानंतर त्यांना घरी ठेवणे शक्य नव्हते, एवढे मात्र माझ्या शब्दावर मान्य कर.

दुसरा मुद्दा. जे माणसाच्या आठवणीत उरलेले नाही, ते त्याच्याकडून काढून घेता येत नाही. निवासात जाण्याच्या आदल्या आठवड्यात तुझे वडील आपल्याच स्वयंपाकघरात, स्वतः बनवलेल्या टेबलाशी बसले होते. कपातली कॉफी संपवून ते म्हणाले, “इर्मा, फार वेळ झाला. आपण घरी कधी जायचं?” मी म्हणाले, “आपण घरीच आहोत.” ते हसले. माझी समजूत काढावी तसे हसले.

निष्कर्ष उघड आहे. कागदावर जिथे खूण केली आहे तिथे सही करावी.

इर्मा लाहतेला

•

२४ सप्टेंबर

चि. लिनेट,

निवडुंगाचे चित्र असलेल्या पोस्टकार्डावर मावला तेवढा मजकूर मिळाला. तू लिहितेस, “संध्याकाळ झाली की तो आजार असलेले सगळेच असं बोलतात. बाबांना घर दाखव. त्यांनी ओळखलं नाही, तर सही करते.”

अट न्याय्य आहे, आणि मी ती स्वीकारते. एक दुरुस्ती मात्र करावी लागेल. त्यांना प्रत्यक्ष घरी नेऊ नये, असे निवासातल्या डॉक्टरांचे मत आहे. परत आणताना फार त्रास होतो म्हणतात. म्हणून मी छायाचित्रे दाखवीन, आणि ते जे बोलतील ते शब्दशः कळवीन.

दरम्यान तयारी सुरू केली आहे. बर्फ पडू लागले की इथे कोणी घरे पाहायला बाहेर पडत नाही. कॉलीन ब्रांडवोल्ड नावाची बाई नेमली आहे. ती घरे विकते, आणि विकण्याआधी ती गिऱ्हाइकाला आवडतील अशी सजवूनही देते. पहिल्याच दिवशी तिने दारात उभे राहून खोल श्वास घेतला आणि म्हणाली, “जजबाई, राग मानू नका, पण या घरात तुम्ही लोक फार आहात.”

“आम्ही इथे राहत नाही.”

“तेच म्हणते मी. राहत नाही, तरी आहात. घेणाऱ्यानं आत पाऊल टाकलं की त्याला त्याचा सोफा दिसायला हवा, त्याची पोरं दिसायला हवीत. त्याला दिसतात तुमच्या नवऱ्याच्या टोप्या. आणि तो भिंतीवरचा मासा. मी ज्या कोपऱ्यात जाते तिथे माझ्याकडेच बघतो मेला.”

“ती ट्राउट आहे. त्यांनी स्वतः पकडलेली.”

“असेल हो. पण ती घर घ्यायला आलेली नाही ना?”

तिच्या म्हणण्यात मला तार्किक दोष सापडला नाही. घर विकायचे असेल तर ते कोणा एकाचे दिसता कामा नये, नाहीतर ते दुसऱ्याचे होणार कसे? म्हणून टोप्या, मासा आणि जिन्यातले फोटो खोक्यांत भरून, खिडकीखालचे बाक आणि त्यांनी बनवलेले टेबल यांच्यासह भाड्याच्या गोदामात गेले. बैठकीच्या भिंतींवरच्या पाइनच्या फळ्यांना पांढरा रंग द्यायचे ठरले आहे. त्या फळ्या तुझ्या वडिलांनी एका उन्हाळ्याच्या सुटीत बसवल्या होत्या, आणि शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या माणसाच्या घरात रंग लावलेले लाकूड दिसले तर लोक हसतील, असे ते म्हणत. लोक आता घर घेणार आहेत, हसणार नाहीत.

शेजारचा व्हर्न स्कोगलंड कुंपणावर कोपरे टेकवून सगळे पाहत असतो. काल पांढऱ्या रंगाचे डबे आत जाताना पाहून म्हणाला, “इर्मा, आत दातांचा दवाखाना काढतेस का?”

“घर विकतेय, व्हर्न.”

“विक की. पण रेइनोला दार उघडल्यावर वाटायचं, दाढ काढायला आणलंय.”

“रेइनो ते दार उघडणार नाही.”

यावर त्याने कुंपणावरचे कोपरे काढून घेतले आणि आत गेला.

परसातली साउना, ती वाफ घ्यायची लाकडी खोली, पाहून मात्र कॉलीन अगदी हरखली. “हिच्यावरच घर जाईल बघा,” म्हणाली. तिला वाटले ही चैनीची वस्तू आहे. दर शनिवारी भट्टी तापवून सगळ्यांनी तिथे बसायचे, ही आपल्या घरातली रीत तिला सांगत बसले नाही. व्हर्नने मात्र सांगितली, कुंपणावरूनच. तुला तो किस्सा आठवत असेल. व्हर्न इथे नवा असताना त्याला साउनेला बोलावले होते. तुझे वडील टॉवेल घेऊन पोहोचायच्या आत या शहाण्याने स्वतःच भट्टी पेटवून ठेवली. तुझे वडील दारात उभे राहून म्हणाले, “व्हर्न, माझ्या घरची भट्टी मी पेटवणार. तुझ्या घरी आलो तर कुडकुडत बसेन, पण तुझ्या काडेपेटीला हात लावणार नाही.” कॉलीन खूप हसली. म्हणाली, “बरं झालं सांगितलंत, कुणाकडे गेले तर मी लक्षात ठेवीन.”

इर्मा लाहतेला

•

८ ऑक्टोबर

चि. लिनेट,

घर तयार झाले आहे. कॉलीनच्या शब्दांत, “दाखवण्याजोगं झालं.”

तुझ्या माहितीसाठी वर्णन देते. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, जमिनीवर फिकट राखी गालिचा. टेबल, खुर्च्या, पलंग, सगळे भाड्याचे. स्वयंपाकघरात काचेच्या भांड्यात लिंबे ठेवली आहेत. ती खरी आहेत, पण खायची नाहीत. मागच्या दाराशी पायपुसणे आहे आणि शेजारी टोपलीत पांढऱ्या लोकरी सपाता. पाहायला येणाऱ्यांनी बूट काढून त्या घालायच्या, म्हणजे गालिचा मळत नाही. तुझे वडील त्या दाराने संसारभर बुटांसकट आत आले, आणि मी संसारभर त्यांच्या मागे फडके घेऊन फिरले. परक्याच्या घरी गेले की मात्र उंबऱ्यावरच बूट काढून जोडीने लावून ठेवत. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले होते, “लोकांच्या घरी नीट वागावं लागतं. घरी कशाला?” ही हकिकत इथे अप्रस्तुत आहे. सपातांवरून आठवली.

साउनेत बाकावर गुंडाळलेले पांढरे टॉवेल आहेत. भट्टीजवळ बर्चच्या ओंडक्यांची मोळी सुतळीने बांधून ठेवली आहे, शोभेसाठी. त्यांनी कोरलेली लाकडी बादली आणि तापल्या दगडांवर पाणी टाकायची पळी काढून कॉलीनने तांब्याची बादली ठेवली. काडेपेटीचा जुना पत्र्याचा डबा तेवढा तिने फळीवर तसाच राहू दिला. “हा जुना आहे, पण बघायला छान जुना आहे,” म्हणाली. बादली गोदामात आहे. पळी गोदामाच्या यादीत नाही. ती माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात आहे. तिचा मला काही उपयोग नाही.

रंगाऱ्यांसाठी किल्ली नेहमीसारखी मागच्या तिसऱ्या पायरीखाली, खिळ्याला अडकवलेली असते. काम संपले तरी ती अजून तिथेच आहे. कॉलीनला सोयीचे पडते.

परवा छायाचित्रकार येऊन गेला. चित्रे अतिशय चांगली आली आहेत. घर मोठे दिसते.

आता एका आक्षेपाचा विचार करते. तू तो केलेला नाहीस, पण करशील. निवासातली परिचारिका जोआन सांगते की तुझे वडील दर सकाळी विचारतात, “आज शनिवार का?” शनिवार असला तर कोट चढवून दाराशी बसतात. लाकडे फोडायची आहेत, म्हणतात. दाराला आकडे दाबून उघडणारे कुलूप आहे, त्यामुळे प्रश्न येत नाही. यावरून तू म्हणशील, त्यांना घर आठवते. माझे उत्तर असे: हा सवयीचा उरलेला भाग आहे. ही आठवण नव्हे. जायचे कुठे हे ज्याला सांगता येत नाही, त्याला जायचे ठिकाण आहे असे म्हणता येणार नाही.

मी सध्या त्यांना शनिवारी भेटत नाही. इतर वारी जाते.

इर्मा लाहतेला

•

२१ ऑक्टोबर

चि. लिनेट,

ठरल्याप्रमाणे परीक्षा घेतली. निवासातल्या खिडकीजवळच्या टेबलावर घराची छायाचित्रे एकेक करून त्यांच्यापुढे ठेवली. जोआन शेजारी उभी होती. हवे तर तिला विचार. ऊन चांगले होते, त्यांनी नुकतीच न्याहारी केली होती, आणि मला त्यांनी नावाने हाक मारली होती. म्हणजे त्यांचा दिवस वाईट होता असे कोणी म्हणू शकणार नाही. झालेले बोलणे जसेच्या तसे देते.

“रेइनो, हे घर बघ.”

“छान आहे. कुणाचं?”

“तुला काय वाटतं, कुणाचं असेल?”

“कुणा नीटनेटक्या माणसाचं दिसतं. डॉक्टरचं?” मग बराच वेळ पाहून, “इथे कुणी राहतं का गं?”

“का?”

“पसारा कुठे दिसत नाही. बिचारे.”

जोआनला हसू आले. त्यांनी तिच्याकडे पाहून डोळा मारला. नंतर बैठकीची खोली दाखवली. ती पाहून म्हणाले, “आपल्याला परवडायचं नाही हे.” जिना, न्हाणीघर आणि मागचे दार पाहून त्यांनी नुसती मान हलवली. साउनेच्या चित्रावर ते रेंगाळले. बोट फिरवत म्हणाले, “भट्टी चांगली आहे. कुणीतरी मन लावून बसवलीय. पेटवलेली नाही अजून.” आणि मग, “बोलावलंय का आपल्याला?”

मी म्हणाले, “नाही.”

“मग ठेवून दे.”

मी चित्रे पाकिटात ठेवली. त्यांनी आपले घर ओळखले नाही. तुझी अट पूर्ण झाली आहे. भट्टीबद्दलचे त्यांचे बोलणे माझ्या निष्कर्षाला बाधक नाही. चांगले काम ते कुठेही ओळखत, आणि ‘कुणीतरी’ हा शब्द त्यांचाच आहे.

सही करून कागद परत पाठवावा.

इर्मा लाहतेला

•

३ नोव्हेंबर

चि. लिनेट,

सहीचा कागद मिळाला. सोबत काही लिहिले नव्हतेस. पाकीट दोनदा उघडून पाहिले.

घर दाखवणे सुरू झाले आहे. मिनियापोलिसचे एक तरुण जोडपे दोनदा येऊन गेले. कॉलीन सांगते की ती मुलगी साउनेत जाऊन बाकावर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, “मी इथून उठतच नाही.” येत्या ११ तारखेला, रविवारी दुपारी घर सर्वांना पाहायला खुले ठेवायचे आहे. त्यानंतर सौदा होईल असा कॉलीनचा अंदाज आहे.

थंडी पडू लागली आहे. तुझ्या वडिलांना लोकरी मोजे नेऊन दिले. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवले, “घरी गेल्यावर घालीन” म्हणाले.

तू अट घातलीस आणि पाळलीस. त्याबद्दल आभार.

इर्मा लाहतेला

•

१४ नोव्हेंबर

चि. लिनेट,

अनेक आशीर्वाद.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. तुझ्या वडिलांच्या मृत्यूशी तुझ्या सहीचा काहीही संबंध नाही.

व्हर्न सांगतो, तू त्याला फोनवर म्हणालीस, “सही मी केली. मीच त्यांना घराबाहेर काढलं.” माझ्याशी बोलायला तू तयार नाहीस, आणि शुक्रवारी दफनाला येणार नाहीस असेही तो म्हणाला. यायचे की नाही हे तू ठरव. पण चुकीच्या गृहीतकावर ठरवू नकोस. घटना क्रमाने मांडते.

शनिवारी दुपारी निवासात चर्चचे गायक आले होते. ते निघाले तेव्हा तुझ्या वडिलांनी त्यांच्यासाठी दार धरून ठेवले. कोट अंगात होताच. त्यांना सगळ्यांनी गायकांपैकीच समजले, आणि शेवटच्या बाईने त्यांचे आभार मानले. मग तेही बाहेर पडले. निवासावर दावा लावावा असे तू व्हर्नला म्हणालीस. तो तुझा अधिकार आहे, पण त्या दाराला मी कारण मानत नाही. त्यानंतरही वेळ होता.

मला कळवले तेव्हा उजेड सरत आला होता. पोलिसांचा सार्जंट माझ्याकडे आला. तो पूर्वी माझ्या न्यायालयात साक्षीला उभा राहिलेला होता, माझे नाव त्याला माहीत होते. टोपी काढून तो म्हणाला, “मॅडम, आम्ही आधी त्यांच्या घरी जाऊन बघतो. हे लोक बहुतेक घराकडेच जातात.”

मी म्हणाले, “तिथे वेळ घालवू नका. ते घर त्यांना ओळखता येत नाही.”

“नक्की का, मॅडम?”

“मी खात्री करून घेतली आहे.”

“मग तुम्ही सुचवा.”

मी शाळा सुचवली, आणि तलावाचा काठ. माझ्या शब्दाखातर माणसे तिकडे गेली. एक गाडी आपल्या घरासमोरून गेली, पण खिडक्यांत दिवा नव्हता. मग व्हर्नचा फोन आला. “इर्मा, मी पलीकडे जाऊन एक चक्कर मारून येऊ का?” त्यालाही मी गरज नाही म्हणाले. तो आता स्वतःला दोष देतो आहे. त्याचा दोष त्याच्याकडे राहू देणार नाही. तोही मी माझ्याकडे घेते.

तुझे वडील त्या वेळी घरीच होते.

रविवारी सकाळी कॉलीन लोकांसाठी दिवे लावायला गेली. मागच्या दाराला किल्ली लागलेली होती, तिसऱ्या पायरीखालची. पायपुसण्यावर त्यांचे बूट होते, जोडीने लावलेले. टोपलीतून एक सपातांचा जोड कमी होता. परसात बर्फ पडून गेले होते, त्यामुळे पावले दिसत नव्हती. ते साउनेत होते. कपडे घडी करून खुंटीखाली ठेवले होते, आणि सर्वांत वर मी दिलेले लोकरी मोजे होते, घडी तशीच. खालच्या बाकावर, अंगावर एक पांढरा टॉवेल घेऊन, भिंतीला पाठ टेकून बसले होते. भट्टी थंड होती. थंडीने गेले, असे डॉक्टरांनी लिहिले आहे. कॉलीनने मला फोन केला. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “जजबाई, काडेपेटी तिथेच होती. तिथेच होती हो.”

मी जाऊन पाहिले. डबा फळीवर होता, हात लांबवला तर पोहोचेल इतका जवळ. काड्या कोरड्या होत्या. ओंडक्यांच्या मोळीची सुतळी सोडलेली नव्हती. तुझे वडील ती भट्टी डोळे मिटून पेटवत. बोटांना ती रीत शेवटपर्यंत आठवली असती. म्हणजे त्यांना पेटवता आली नाही असे नाही. त्यांनी पेटवली नाही.

आता अनुमान. निवासातून निघून, चढ चढून, वळणे घेऊन ते नेमके आपल्या मागच्या दाराशी आले, आणि पायरीखाली हात घालून त्यांनी किल्ली काढली. तेव्हा ते कुठे येत आहेत हे त्यांना माहीत होते. दार उघडेपर्यंत ते स्वतःच्या घरी येत होते. दार उघडल्यावर त्यांनी आत पाहिले, आणि संसारभर जे केले नाही ते केले. बूट काढले. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता घातल्या. घर दुसऱ्याचे होते, माणसे दिसत नव्हती, पण साउना मांडून ठेवलेली होती. टॉवेल होते, लाकडे होती. शनिवार होता. आपल्याला बोलावले आहे असे त्यांना वाटले असावे. ते तयार होऊन बसले आणि यजमानाची वाट पाहत राहिले. दुसऱ्याच्या घरी ते काडेपेटीला हात लावणारे नव्हते.

यावरून तू मला विचारशील: मग आई, फोटो दाखवलेस तेव्हा त्यांनी घर का ओळखले नाही?

कारण मी दाखवलेली छायाचित्रे कॉलीनच्या छायाचित्रकाराने काढलेली होती. रंग झाल्यावर, टोप्या उतरवल्यावर, लिंबे ठेवल्यावर काढलेली. जुने फोटो गोदामात होते. एक दिवस खर्च केला असता तर मिळाले असते. तुला लिहिताना मी ‘घराची छायाचित्रे’ एवढेच लिहिले. मजकूर खोटा नव्हता. माझ्यासमोर एखाद्या वकिलाने असा मजकूर ठेवला असता तर मी त्याला पुढचे वाक्य बोलू दिले नसते. भिंती त्याच आहेत, असे मी स्वतःला सांगितले. पाकिटात चित्रे घालताना ते मला पटलेले नव्हते, हेही इथे नमूद करते.

तेव्हा तुझी अट रास्त होती, तुझी सही प्रामाणिक होती, आणि ती ज्या पुराव्यावर घेतली गेली तो पुरावा सदोष होता. खोट्या पुराव्यावर दिलेल्या संमतीचा दोष संमती देणाऱ्यावर येत नाही. हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आले. आज तुला सांगते.

घराच्या दारातली विक्रीची पाटी काढून टाकली आहे. भाड्याचे सामान कॉलीन स्वतः येऊन घेऊन गेली. पळी साउनेत तिच्या जागी टांगली आहे. आज दुपारी मी भट्टी पेटवली. मला नीट जमली नाही. व्हर्न दारात उभा राहिला होता, पण आत आला नाही आणि हातही लावला नाही. म्हणाला, “तुझी आहे. तूच पेटव.”

शुक्रवारी तू आलीस तर घर उबदार असेल. बूट काढू नकोस.

कबुली:

मी असे प्रतिपादन केले होते की माझे पती रेइनो लाहतेला यांना आपले घर ओळखता येत नाही. ही चूक होती. मी त्यांना त्यांचे घर दाखवलेच नाही. विकण्यासाठी परके केलेले घर दाखवले, आणि त्यांच्या उत्तरावर साक्ष दिली, आधी माझ्या मुलीला आणि मग पोलिसांना. आपले घर कोणते आणि परक्याचे कोणते, हे त्यांना शेवटपर्यंत बरोबर कळत होते.

इर्मा लाहतेला